मालीमचा बर्फ आणि टेनेसीची ओल

परवा संध्याकाळी मी गोव्यात मालीम जेटीजवळच्या एका बर्फाच्या फॅक्टरीत, ट्रॉलरवाल्यांसाठी फोडून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगावर फोमची चटई टाकून वीस मिनिटं उताणी पडले होते. छातीवर मोबाईल, मोबाईलमध्ये टायमर. बाजूला गमबूट घातलेले चार कामगार आणि माझ्या मैत्रिणीचा नवरा. फॅक्टरी त्याच्या काकांची, म्हणून तर हे जमलं. पाच-सात मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग एकाने न राहवून विचारलंच, "बाय, तुका कितें जालां?"

जानेवारीत अमेरिकेतल्या डोंगरात बर्फात झोपायला जायचंय, त्याची रंगीत तालीम चाललीय असं सांगितलं तर तो म्हणाला, "मागीर इतलें पयस कित्याक वता, हांगाच न्हिद!" एवढ्या लांब कशाला, इथेच झोप, या त्याच्या बोलण्यात पॉइंट होता, पण तिकीट काढून झालंय.

तर झालंय असं की दादा आणि वहिनी गेली सहा वर्षं अटलांटाला असतात आणि दर वर्षी मी जाते ती मे महिन्यात, म्हणजे इथल्या उकाड्यातून तिथल्या उकाड्यात. यंदा ऑफिसात मे महिन्याची रजा मिळणार नाही असं आधीच कळलं, जानेवारीची मिळाली, आणि दादा फोनवर म्हणाला की मग बर्फ बघायला चल, इथून चार तासांवर आहे. मी म्हटलं अटलांटाला कुठला बर्फ, तिथे तर पीचेस पिकतात. तर तो म्हणाला स्मोकी माउंटन्स. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या बरोबर सीमेवर. बघायला चल म्हणता म्हणता त्याचं दोन रात्रींचं बॅकपॅकिंग कधी झालं ते मला कळलं नाही, माझ्या गैरहजेरीत झालं असावं.

अमेरिकेचा दक्षिण भाग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बर्फ येत नाही. त्यांच्याही येत नाही म्हणे, आणि घोळ तिथेच होतो. लोक गाडीतून जॅकेट न घेता उतरतात. आकडे बघितले तेव्हा मला जरा अंदाज आला. आम्ही चढणार तो माउंट लेकाँट ६,५९३ फूट, म्हणजे २,०१० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्या स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कातलं सगळ्यात उंच शिखर कुवोही २,०२५ मीटर, आधी त्याला क्लिंगमन्स डोम म्हणायचे, सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या मूळ चेरोकी लोकांचं जुनं नाव त्याला परत दिलं. म्हणजे उंची बघाल तर हिमालयवाले हसतील, मनालीच्या बसस्टँडएवढी. पण अक्षांश ३५ च्या पुढे, श्रीनगरच्याही उत्तरेला. आणि त्यात मेक्सिकोच्या आखातातली ओली हवा थेट येऊन या डोंगरांना धडकते, तिला कॅनडातून खाली उतरलेली गार हवा भेटली की झालंच. न्यूफाउंड गॅप नावाची खिंड आहे मध्ये, १,५३८ मीटरवर, तिथे वर्षाला सरासरी ६९ इंच बर्फ पडतो. आणि १९९३ च्या मार्चमध्ये जे मोठं वादळ आलं होतं त्यात लेकाँटवर एकाच वादळात ५६ इंच. गळ्यापर्यंत! माझ्या गळ्यापर्यंत म्हणजे, दादाच्या छातीपर्यंत.

हे सगळं वाचून मी पहिल्यांदा घाबरले ती थंडीला. डिचोलीत पहाटे अठरा अंश झाले की आई कानाला मफलर गुंडाळते आणि बाबा गिझरचं पाणी प्यायला लागतील की काय असं वाटतं, अशा घरातली मी. म्हणून महिनाभर मी नुसतं उणे किती, उणे किती हेच बघत बसले. माउंट मिचेल नावाचं शिखर आहे त्याच रांगांमध्ये, मिसिसिपीच्या पूर्वेला सगळ्यात उंच, तिथे २१ जानेवारी १९८५ ला उणे ३४ फॅरनहाइट झालं होतं, आपल्या हिशोबात उणे ३७ च्या जवळ. हे मी आईला सांगायला नको होतं.

वहिनीने मला त्यातून बाहेर काढलं. ती म्हणाली विक्रम बघू नकोस, सरासरी बघ. कुवोहीची जानेवारीची सरासरी आहे दिवसा अधिक २ आणि रात्री उणे ७. मी म्हटलं हां मग ठीक आहे, एवढं काही नाही. तर ती म्हणाली, उलट. सगळ्यात वाईट तेच.

कारण असं की उणे पंधरात बर्फ कोरडा असतो, कपड्यावर पडला की झटकायचा आणि चालायचं. शून्याच्या आसपास तसं नाही. दिवसा झाडावरचा बर्फ वितळून अंगावर ठिबकतो, किंवा बर्फाऐवजी सरळ पाऊसच पडतो दोन डिग्रीला, रस्त्यावर चिखल आणि पाणी, बूट भिजतात, हातमोजे भिजतात, आणि संध्याकाळी सहाला हे सगळं जे काही ओलं झालंय ते गोठतं. सकाळी बूट घालायला जावं तर लाकडाचे झालेले असतात. तिथल्या उंच शिखरांवर वर्षाला ८५ इंचांवर पर्जन्य होतं, म्हणजे दोन हजार मिलिमीटरच्या पुढे. आपल्याकडे गोव्यात तीन हजार पडतो पण तो चार महिन्यांत उरकतो, तिथे बारा महिने थोडा थोडा चालूच. डोंगरांवर ते निळसर धुकं कायम असतं त्यावरूनच तर स्मोकी नाव पडलंय.

आणि हे ऐकल्यावर मला, खरं सांगू, जरा बरं वाटलं. कारण थंडी मला कळत नाही पण ओल कळते. ओल म्हणजे काय ते गोव्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको. जुलैमध्ये आमच्या कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला हिरवी बुरशी येते, मीठ बरणीत पाणी सोडतं, शाळेचा युनिफॉर्म सुकवायला आजी चुलीच्या वर दोरी बांधायची आणि मग दिवसभर वर्गात आमच्या अंगाला धुराचा वास. घरात एक कोपरा कोरडा राखायचा म्हणजे राखायचाच, तांदळाची कणगी, काडेपेटी, सुकी लाकडं आणि पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, डबे तिथे, बाकी घर गळलं तरी चालेल. दादाचे ते अमेरिकन ट्रेकिंगवाले व्हिडिओ बघितले तर ते हेच सांगतायत, फक्त भारी ॲक्सेंटमध्ये. बॅगेच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यात स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे, आणि काय वाट्टेल ते झालं तरी ते कपडे चालताना घालायचे नाहीत. म्हणजे आजीचा कोरडा कोपरा, पाठीवर घेऊन फिरायचा.

आता मालीमला परत येते.

तिथे मी गेले होते चटई टेस्ट करायला. झोपताना खालून जी थंडी येते ती वरच्या पांघरुणाने थांबत नाही, कारण आपल्या वजनाने स्लीपिंग बॅगचा खालचा भाग दबून सपाट होतो आणि त्यातली हवा जाते, मग ऊब कशाची. म्हणून खाली चटई लागते आणि ती थंडी किती अडवते त्याचा एक आकडा असतो, आर व्हॅल्यू. साध्या फोमच्या चटईचा साधारण दोन, बर्फात झोपायचं तर चार-पाच तरी पाहिजे. मजेची गोष्ट म्हणजे दोन चटया एकावर एक टाकल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते. माझ्याकडे फोमची होती, दादा फुगवायची देणार होता, मला बघायचं होतं एकट्या फोमवर किती वेळ निभावतं. दहाव्या मिनिटाला कमरेखाली गार लागायला सुरुवात झाली, पंधराव्याला खांदे, विसाव्याला मी उठले. कोपर एकदा चुकून चटईबाहेर गेलं होतं ते तेवढं लाल. म्हणजे फोम खाली आणि फुगवायची वर, दोन्ही न्यायच्या, चर्चा बंद.

पण त्या फॅक्टरीत खरं शिकले ते दुसरंच. तिथे बर्फ कसा बनतो ते मी याआधी कधी बघितलं नव्हतं, आयुष्यभर बाजारात बांगड्यांवर बघितलेला बर्फ तेवढा माहीत. मोठ्या हौदात मिठाचं पाणी असतं, ते शून्याच्या बरंच खाली थंड करतात, मीठ असल्यामुळे ते गोठत नाही, आणि त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे सोडतात. आतलं पाणी गोठून लादी होते, मग लादी काढायची आणि क्रशरमध्ये घालायची. लादी डब्यातून निघते तेव्हा इतकी गार असते की ओलं बोट लावलं तर चिकटतं, पण हात ओला होत नाही. आणि फुटून ढिगात पडलेला बर्फ पाचच मिनिटांत वरून ओला, तो शून्यावर येऊन वितळत बसलेला. मी विचारलं, काम करताना जास्त त्रास कशाचा? मला वाटलं लादीचा म्हणतील. चौघेही म्हणाले ढिगाचा. लादी थंड असते पण कोरडी, ढीग हात भिजवतो.

त्यांच्यातले एक काका, पन्नाशीचे असतील, त्यांनी मला त्यांचे हातमोजे दाखवले. आत लोकरीचे, बोटांवर रफू केलेले, आणि वर मासेवाल्यांचे जाड रबरी, एक साइज मोठे. मोठे कशाला, तर घट्ट असले की रक्त फिरत नाही आणि बोटं लवकर मरतात. आणि खिशात लोकरीची दुसरी जोडी, कारण आतून घामाने भिजतातच, दुपारी बदलायची. मी अक्षरशः महिनाभर इंटरनेटवर हातमोज्यांचे रिव्ह्यू वाचत होते, तीन थर का दोन थर, कुठली मेंब्रेन. काकांनी दोन मिनिटांत संपवलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी तसलेच रबरी हातमोजे घेतले, केशरी रंगाचे, आणि दादाला फोटो पाठवला. त्याने हसण्याच्या इमोजींची रांग लावली. वहिनीने फक्त लिहिलं, माझ्यासाठीपण आण.

पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, सगळा खेळ त्याचाच आहे. म्हणून सुती कपडा एकही नाही, बनियनसुद्धा नाही. आईला हे पटत नाही, तिच्या मते सुती म्हणजे चांगलं. इथे गोव्यात ते बरोबरच आहे ना, सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि अंग गार राहतं, तिथे नेमकं तेच नको. हायपोथर्मिया म्हणजे शरीराचं तापमान ३५ च्या खाली जाणं, त्याला उणे काही लागत नाही, भिजलेला दमलेला माणूस असेल आणि वारा असेल तर दहा डिग्रीलाही होतो. वहिनी नर्स आहे, तिने आम्हाला लक्षणं पाठ करायला लावलीत. बोलताना जीभ अडखळते, पाय अडखळतात, हातातून वस्तू पडतात, आणि मुख्य म्हणजे माणूस चिडतो आणि मला काही झालेलं नाही म्हणतो. मी म्हटलं दादा तर रोजच असा असतो, मग ओळखायचं कसं?

घामाचा प्रश्न मात्र मोठा आहे. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, घामाची चावी जराशात सुटते. चढताना घाम आला आणि थांबल्यावर तो गार झाला तर पावसात भिजल्यासारखंच. त्यामुळे नियम असा की चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजतच असली पाहिजे, जॅकेट काढून बॅगेत, आणि थांबलं रे थांबलं की लगेच बाहेर काढून अंगात. मी याची प्रॅक्टिस पणजीत करते, ऑफिस सुटल्यावर मळ्यातल्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या आणि मग वर अल्तिनो, पाठीवर दहा किलो उकडे तांदूळ. घाम न येता चढायचं. अजून एकदाही जमलेलं नाही. देवळातले भटजी आता ओळखतात, काल विचारलं नवस आहे का.

स्लीपिंग बॅगवरून दादाचं आणि वहिनीचं भांडण चालू आहे. दादाकडे पिसांची आहे, हलकी, छोटी घडी होते, गरम. वहिनी म्हणते पिसं भिजली की गोळा होतात आणि मग ती ओल्या कोंबडीइतकीच उपयोगाची, सिंथेटिक घ्या, जड असली तरी भिजल्यावर थोडी तरी ऊब देते. माझं मत वहिनीच्या बाजूने आहे, पण वजन उचलताना दादाच्या बाजूने होईल. एक गोष्ट मात्र विकत घेताना बघा, बॅगेवर दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बऱ्याचदा लिमिट लिहितात, पण ते म्हणजे माणूस अंगाचं मुटकुळं करून जेमतेम रात्र काढेल तो आकडा. झोप यायची असेल तर कम्फर्टच बघायचा, तोही जायच्या जागेच्या सरासरीपेक्षा थोडा खालचा.

गॅसचं मला माहीतच नव्हतं. कँपिंगच्या छोट्या डब्यातला गॅस थंडीत का मरतो, तर साधा ब्युटेन उणे अर्ध्या डिग्रीला उकळतो, त्याच्या खाली तो डब्यात द्रवच राहतो, वर वायू होऊन येतच नाही मग पेटणार काय. आयसोब्युटेन उणे बारापर्यंत चालतो आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत. म्हणून हिवाळ्यात आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणवाला डबा घ्यायचा आणि रात्री तो स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचं. स्लीपिंग बॅगेत आणखी काय काय झोपणार आहे त्याची यादी मोठी आहे. पाण्याचा फिल्टर, कारण त्याच्या आतल्या बारीक नळ्यांत पाणी गोठलं की त्या फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. मोबाईल, बॅटरी, हातमोजे, उद्याचे मोजे. बाटली बाहेर ठेवली तर उलटी ठेवायची, पाणी वरून गोठतं, मग सकाळी झाकणाकडचं तेवढं पाणी राहतं. हे मला फार आवडलं, एवढी साधी गोष्ट.

अस्वलांचं आईला अजून सांगितलेलं नाही. (आई हा ब्लॉग वाचत नाही, बाबा वाचतात, बाबा प्लीज.) पार्कात एकोणीसशेच्या आसपास काळी अस्वलं आहेत. हिवाळ्यात ती झोपतात असं आपण शाळेत शिकलो, पण इथली अगदी गाढ झोपत नाहीत, उबदार दिवस आला की उठून चक्कर मारून येतात. म्हणून खायचं सगळं, टूथपेस्टसकट, कँपवर बांधलेल्या तारेच्या कप्पीवर उंच टांगायचं. हे ऐकल्यावर मी माझ्या यादीतून सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, काढून टाकली. फार जिवावर आलं. संध्याकाळी उकड्याच्या पेजेबरोबर सुक्या सुंगटांची किसमूर, बाहेर बर्फ, असं चित्र मी रंगवून ठेवलं होतं, पण त्या वासाने टेनेसीतली अस्वलंच काय नॉर्थ कॅरोलिनातलीही येतील. शिवाय उकडे तांदूळ शिजायला जो वेळ आणि गॅस लागतो त्यात आमचे दोन डबे संपतील. मग पोह्यांचा चिवडा, काजू, गूळ-खोबऱ्याची पिनागां आणि कोकमाचं आगळ गरम पाण्यात घालून प्यायला. बाकी तिथले पाणी ओतून खायचे पाकिटातले प्रकार, त्यावर मी काही बोलत नाही.

आता रूट. दादाच्या डोक्यात होतं न्यूफाउंड गॅपला गाडी लावायची, ॲपलाचियन ट्रेलवरून निघायचं आणि बूलेव्हार्ड ट्रेलने लेकाँट गाठायचा, तेरा किलोमीटर. दिसायला सुंदर आहे, सगळा कड्यावरून जाणारा. वहिनीने ते पहिल्याच कॉलमध्ये खोडलं. एक तर खिंडीतून जाणारा तो ४४१ नंबरचा रस्ता बर्फ पडला की बंद करतात, वाटेल तेव्हा, मग गाडी वर आणि आपण खाली किंवा आपण वर आणि गाडीही वर. दुसरं म्हणजे दिवस. जानेवारीत तिथे सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो, आपल्याकडच्यापेक्षा तास-सव्वा तास कमी, आणि बर्फात चालण्याचा वेग निम्मा धरायचा. तेरा किलोमीटर म्हणजे अंधारातच पोचणार.

म्हणून ठरलाय अलम केव्ह ट्रेल, आठ किलोमीटर चढ आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने खाली. नाव केव्ह आहे पण गुहा नाही, पुढे आलेला मोठा कडा आहे, आपल्या ट्रेकवाल्यांच्या भाषेत कपार. हिवाळ्यात त्याच्या कडेला माणसाएवढे बर्फाचे सुळे लोंबतात आणि दुपारी ऊन लागलं की ते सुटून पडतात, तेव्हा तिथे खाली उभं राहून फोटो काढायचे नाहीत (दादा, तुला सांगतेय). त्याच्या वर काही ठिकाणी वाट अरुंद आहे आणि धरायला लोखंडी तारा लावल्यात, तिथे निसरडा बर्फ असतो म्हणून बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स, रबराची जाळी आणि खाली छोटे दात, ते मात्र घेतलेच पाहिजेत, त्यावर काटकसर नाही.

वर लेकाँटला एक लॉज आहे, उन्हाळ्यात तिथे सामान लामांच्या पाठीवरून जातं, खरंच, ते उंटासारखे तोंड करणारे लामा. हिवाळ्यात लॉज बंद. आम्ही झोपणार शेल्टरमध्ये, तीन भिंतींचं, बारा माणसांचं, चौथी बाजू उघडी, आणि तिथे शेकोटीला परवानगी नाही. मी दादाला विचारलं मग संध्याकाळी सहा ते सकाळी आठ करायचं काय? तो म्हणाला पत्ते. केशरी रबरी हातमोजे घालून तीनपत्ती.

परमिट माणशी रात्रीला आठ डॉलर, कुठल्या रात्री कुठे झोपणार ते आधी सांगावं लागतं आणि तीस दिवस आधीपासून काढता येतं. गाडीचा पार्किंग टॅग वेगळा, आठवड्याचा पंधरा डॉलर. पार्कात शिरायला पैसे नाहीत, हे मला विशेष वाटलं, अमेरिकेत काहीतरी फुकट.

दुसरी रात्र खाली, एल्कमाँटच्या बाजूला लिटल रिव्हर ट्रेलवर, नदीकाठी. आणि हाच आमचा प्लॅन बी पण आहे. वर वादळ असेल किंवा रस्ता बंद असेल तर दोन्ही रात्री खालीच काढायच्या. साध्या हिशोबाने हजार मीटरला साडेसहा अंश फरक पडतो, म्हणजे पायथ्याच्या गॅटलिनबर्ग गावात पाच असेल तर लेकाँटवर उणे पाच. प्लॅन सी म्हणजे गॅटलिनबर्गमध्ये हॉटेल घेऊन पॅनकेक खाणे, त्या गावात म्हणे जिकडे तिकडे पॅनकेकचीच दुकानं आहेत, आणि मला आत्तापासून संशय आहे की दादा मनातून प्लॅन सीसाठीच येतोय.

ग्रुपवर वहिनीने नियम पिन करून ठेवलाय, बारा वाजता अलम केव्हच्या वर पोचलो नसलो तर जिथे असू तिथून मागे. आणि तिघांपैकी एकाने परत म्हटलं तर परत, मतदान नाही. दादाने त्यावर अंगठा दिला नाही तेव्हा तिने त्याला फोन करून द्यायला लावला, एकाच घरात बसून.

एका गोष्टीची मी खरंच वाट बघतेय, ती म्हणजे रोडोडेंड्रॉनची पानं. त्या डोंगरात ही झुडपं सगळीकडे आहेत, सदाहरित, जाड चामड्यासारखी पानं, आणि थंडी वाढली की ती खाली झुकतात आणि स्वतःभोवती वळत जातात, खूप थंडी असेल तर अगदी विडीसारखी गुंडाळी होते. ऊन आलं की परत उघडतात. म्हणजे मोबाईल बंद पडला तरी झाडाकडे बघून कळतं की जॅकेट चढवायचं का. लाजाळू आपल्याकडे बोटाला लाजते, ही थंडीला.

तर तयारी इथपर्यंत आलीय. जॅकेट मी मैत्रिणीकडून उसनं आणलंय, ती मागे लेहला गेली होती, आणि ते आई रोज सकाळी गच्चीवर उन्हात टाकते, रात्री कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवते, त्यामुळे अस्वलं बहुतेक माझ्या जवळ येणार नाहीत.

काल रात्री दादा आणि वहिनी त्यांच्या घरामागच्या अंगणात झोपून बघणार होते, सगळं सामान घेऊन, अटलांटात एक डिग्री आणि रिमझिम पाऊस, म्हणजे पाहिजे होतं तसंच. आमच्याकडे दुपारचे बारा वाजले होते तेव्हा मेसेज आला, त्यांच्याकडे रात्रीचे दीड. दादाचा फोटो, सोफ्यावर, अंगावर घरातली रजई, खाली लिहिलेलं, पिसं भिजली. संध्याकाळी साडेपाचला वहिनीचा आला, तिची सकाळ. नुसता फोटो, तंबूवर पाण्याचे थेंब, हातात चहाचा कप, आणि बाजूच्या दोरीवर दादाची स्लीपिंग बॅग वाळत घातलेली.

मी लगेच बाजारात जाऊन केशरी हातमोज्यांची तिसरी जोडी घेतली, सगळ्यात मोठी साइज.